एस्तेरआत्याचं प्रभुभोजन

सौंसरला आमच्या घरी दिवस सुरू व्हायचा तो भांडणानं. कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला, नॅरोगेजची छोटी गाडी शिट्टी मारत नागपूरकडे गेली, की एस्तेरआत्या सुपात तांदूळ घेऊन मागच्या अंगणात बसायची. अंगणाला कंबरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे फिलोमिनामावशीची मोरी. भांडी घासता घासता मावशी विचारायची, "काय जी एस्तेरबाई, लागली का झोप?" आत्या म्हणायची, "लागली ना बाप्पा. तुमच्या पोपसाहेबाले लागली का?" झालं! तिथून जे सुरू व्हायचं ते मावशीच्या ड्यूटीची वेळ होईपर्यंत. आई चुलीपाशी भाकरी थापता थापता कपाळाला हात लावायची आणि बाबा शाळेच्या वह्या तपासायचं सोंग करत हसू लपवायचे. मी तेव्हा तेरा वर्षांची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी सकाळी असंच चालत असेल. माझ्या मैत्रिणींच्या घरी पोपवरून कोणी भांडत नाही हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

एस्तेरआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही. तीस वर्षं ती मिशनची बायबलबाई होती, म्हणजे खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री आणि बोरगाव, लोधीखेडा अशी गावं पायी हिंडून बायांना अक्षरं शिकवायची, शास्त्रातल्या गोष्टी सांगायची, कोणाचं मूल तापलं असेल तर रात्रभर उशाशी बसायची. बोलायला महाफटकळ. आणि खोटं तिला अजिबात खपायचं नाही. एकदा मी शाळेतून येताना कोणाच्या तरी वाडीतली दोन संत्री तोडली आणि घरी येऊन 'मैत्रिणीनं दिली' म्हणाले. आत्यानं मला तशीच भर उन्हात परत नेलं आणि माळ्यासमोर उभं करून कबूल करायला लावलं. संत्री गेली चुलीत, तिचा राग होता तो 'मैत्रिणीनं दिली' या शब्दांवर. माळी बिचारा ओशाळला आणि त्यानं मला आणखी चार संत्री दिली. तीही आत्यानं परत केली. तेव्हा मला तिचा असा राग आला होता म्हणता!

फिलोमिनामावशी मूळची नागपूरची. तिचे यजमान छोट्या गाडीवर गार्ड होते, आठवड्यातले चार दिवस बाहेरच. मूलबाळ नव्हतं. सिस्टर लोकांचा एक लहानसा दवाखाना गावात होता, तिथं मावशी नर्स होती. ती कॅथलिक आणि आम्ही प्रोटेस्टंट. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गावाच्या लेखी आम्ही सगळे ईसाई, नाताळाला करंज्या वाटणारे. पण भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे फरक पक्का होता. येशूच्या आईवरूनच बघा. मावशी म्हणायची, "कोणाच्या घरी गेलं, पोराशी बोललं अन् त्याच्या मायले नमस्कारही नाही केला, ही कोणती रीत झाली जी तुमची?" आत्या म्हणायची, "नमस्कार करीन ना. पण काम पोराकडे असन तर पोरालेच सांगीन. मायले कायले मधात घालू?" मावशीला हसू यायचं, पण ती हटायची नाही.

सगळ्यात मोठं भांडण भाकरीचं. शेवटच्या जेवणाला येशूनं भाकर हातात घेतली, मोडली आणि हे माझं शरीर म्हणून शिष्यांना दिली, इथपर्यंत दोघींचं एकमत. पुढं मात्र वाटा फुटायच्या. आत्या म्हणायची, "आठवण म्हणून दिली त्यानं. माझ्या बापाचा फोटो भिंतीवर हाय, मी त्याले बापच म्हणते. पण त्याच्यापुढं ताट वाढून ठेवत नाही." मावशी घासायची थांबायची. "फोटो तुम्ही लावला, एस्तेरबाई. हे तर त्यानं स्वतः सांगितलं. तो काय गंमत करून राहिला होता? मिस्सात फादरनं भाकर उचलली, का मग ती भाकर राहत नाही. तो स्वतः राहते." आत्या सूप आपटायची. "तो खरंच बोलला. तूच अर्थ उलटा लावून राहिली." एकदा रस्त्यानं जाणारा दूधवाला हे ऐकून भिंतीपाशी थांबला आणि म्हणाला, "बाई, पांढुर्ण्याची दगडांची गोटमार वर्षातून एक दिवस असते. तुमची रोजच हाय!" दोघी मिळून त्याच्यावरच धावून गेल्या.

पण एक सांगते. इतकी वर्षं त्या भांडल्या, पण अबोला एक दिवस नव्हता. भांडण संपलं की भिंतीवर वाटी यायची. आमच्याकडून अंबाडीची भाजी, तिच्याकडून गोळाभात आणि वर तेलाची फोडणी. ईस्टरआधीच्या उपासकाळात मावशी शुक्रवारी मटण खात नसे. आत्या म्हणायची, असला नियम शास्त्रात कुठं लिहिला आहे ते दाखव. पण शुक्रवारी आमच्या चुलीवर मटण चढू द्यायची नाही. आई विचारायची, "अक्का, आपल्याले काय अडचण?" तर म्हणे, "वास भिंतीवरून जाते ना. तिचं व्रत हाय, तिले त्रास कायले?" आता माझ्या नातवंडांना मी हे सांगते तेव्हा ती विचारतात, मग आजी, भांडायच्या कशाला? मी म्हणते, खरं काय ते दोघींनाही महत्त्वाचं वाटत होतं म्हणून. एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

त्या पावसाळ्यात आत्याचे पाय सुजले. दोन पावलं चालली की धाप लागायची. बाबा तिला नागपूरला दाखवून आले. हृदय थकलं, एवढाच निकाल. सूप, तांदूळ, अंगण सगळं सुटलं आणि तिची खाट समोरच्या खोलीत आली, पाठीला तीन उशा. आता मावशीच रोज दोनदा इकडे यायची, नाडी बघायची, गोळ्या द्यायची. पोळ्याच्या आठवड्यात तिनं बाबांना ओसरीवर बोलावून हळूच सांगितलं, "भाऊ, आता काही दिवसांचंच हाय. तिले जे पाहिजे ते करा." मी दाराआड होते. मी सगळं ऐकलं.

आत्याला एकच पाहिजे होतं. प्रभुभोजन. आमचे पाळकसाहेब पांढुर्ण्याला राहायचे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी बसनं सौंसरला यायचे. गावात आमची आठ-दहा घरं. सगळे आमच्याच समोरच्या खोलीत जमायचे. आई साधी पोळी करायची, काळ्या मनुका उकळून त्यांचं पाणी गाळायची. पाळक पोळी मोडायचे, पितळी प्याला फिरायचा. त्या वर्षी पाळकसाहेबांना टायफॉईड झाला आणि तीन महिने ते आलेच नाहीत. बाबा शास्त्र वाचायचे, प्रार्थना करायचे, पण भाकर मोडायचा अधिकार पाळकाचाच, आणि बाबा नियमाबाहेर जाणारे नव्हते. त्यांनी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं की अजून अंगात ताप आहे, डॉक्टर उठू देत नाही. आत्या म्हणायची, "मले फक्त एकदा प्रभूच्या मेजावर बसू दे भाऊ, मंग गाडी सुटली तरी चालते." दिवसातून तीन-तीनदा म्हणायची. आधी कधी कोणाकडे काही न मागितलेली बाई, तिनं असं मागावं हे बाबांना सहन व्हायचं नाही. ते उठून अंगणात जायचे. शेवटी रविवारी स्वतः जाऊन पाळकसाहेबांना कसंही करून घेऊन यायचं असं त्यांनी ठरवलं. पण त्या वर्षी पोळा शनिवारी आला. म्हणजे रविवारी गोटमार. जांब नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मधे झेंडा, आणि तो मिळवायला दिवसभर दोन्हीकडून दगडफेक. पांढुर्ण्याच्या बसा त्या दिवशी बंद. बाबा सकाळी स्टँडवर जाऊन तसेच परत आले आणि खुर्चीत मान घालून बसले.

मी त्या रविवारी मावशीबरोबर मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, गेले होते. त्यात नवीन काही नव्हतं. आमची उपासना महिन्यातून एकदा, त्यामुळं अधूनमधून मी तिच्यासोबत दवाखान्यातल्या हॉलमध्ये जाऊन मागच्या चटईवर बसायची. आत्याची परवानगी होती. फक्त परमप्रसादाच्या वेळी, म्हणजे फादर ती भाकर वाटतात तेव्हा, उठायचं नाही, हे मावशीनंही बजावलं होतं आणि आत्यानंही. मावशी पुढं बसून पेटी वाजवायची. त्या दिवशी पोळ्यासाठी आलेली बोरगावकडची पाव्हणे मंडळी होती, हॉल गच्च भरला होता, सगळ्या पोरींच्या डोक्यावर ओढण्या. लोक रांगेनं उठले. आणि मी पण उठले.

फार विचार करून उठले असं नाही म्हणता येणार. डोक्यात साधा हिशेब होता. आमचं प्रभुभोजन तेही येशूचं, यांचं तेही येशूचं. आत्याला पाहिजे, इथं आहे. आमच्याकडे उपासनेनंतर उरलेली पोळी आम्ही मुलं चहात बुडवून खायचो, कोणी काही म्हणायचं नाही. मग इथली घरी न्यायला काय हरकत? माझं तर दृढीकरणही झालेलं नव्हतं, म्हणजे मला आमच्याही मेजावर बसायची मुभा नव्हती. पण मी माझ्यासाठी थोडीच घेत होते! फादरनी जिभेवर ती पांढरी, कागदासारखी चकती ठेवली. मी तोंड मिटलं, चालत मागच्या व्हरांड्यात गेले. चकती टाळूला चिकटली होती. बोटानं काढता काढता अर्धी विरघळून पोटात गेली. उरलेली मी धुतलेल्या, इस्तरीच्या रुमालात ठेवली आणि घरापर्यंत पळत आले.

"आत्या, प्रभुभोजन आणलं!"

आत्या उशांना टेकून बसली होती. शेजारी खुर्चीत बाबा. आत्यानं रुमालाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "कुठून?"

"मिस्सातून."

"फादरनं दिलं? घरी न्यायले?"

"नाही. तोंडात दिलं. मी काढलं."

मला वाटलं होतं ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. तिनं डोळे मिटून घेतले. बाबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणाले, "अवं बह्याडे! असं करते का कोणी?" मग आत्याकडे वळून, हळू आवाजात, "अक्का, फिलोमिनाबाईले सांगू नका. आपल्या लेखी भाकरच हाय ना ती? पाण्यात सोडून झाडाले घालू. तिच्या जिवाले कायले घोर?"

"आपल्या लेखी भाकर हाय भाऊ. तिच्या लेखी नाही," आत्या म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिला श्वास घ्यावा लागत होता. "वस्तू तिच्या घरातून आली. तिले सांगा लागते." आणि मला म्हणाली, "खाली ठेवू नको. दोन्ही हातांवर धर. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी धर."

मावशी तेवढ्यात मला शोधतच आली. मी मधेच पळाले म्हणून ती रागातच होती. दारातून म्हणाली, "काय वं पोरी, न सांगता…" आणि तिची नजर रुमालावर गेली. आत्यानं दोन वाक्यांत सगळं सांगितलं, काही न झाकता. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. ती मला मारेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती आमच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर गुडघ्यांवर बसली, पांढऱ्या साडीसकट, माझ्यासमोर. म्हणजे माझ्या हातांसमोर. बाबा खुर्चीतून उठले. ते गुडघे टेकणार नव्हते आणि त्यांनी टेकलेही नाहीत. पण बसूनही राहिले नाहीत.

थोड्या वेळानं मावशीनं विचारलं, "कुठं पडला तर नाही ना? तुकडा?"

"नाही. अर्धा पोटात गेला."

"जाऊ दे बेटा," ती म्हणाली आणि डोळे पुसत फादरना आणायला गेली.

अर्धा तास तरी मी तशी उभी होते. हात भरून आले. रडू येत होतं पण नाक पुसायला हात मोकळा नव्हता. तेव्हा बाबा जवळ आले आणि त्यांनी माझ्या दोन्ही कोपरांखाली आपले तळवे लावले. मावशी फादरना घेऊन आली तोपर्यंत ते तसेच उभे होते. बाबा आयुष्यभर त्या चकतीला भाकरच म्हणत राहिले, हेही सांगायला पाहिजे.

फादर केरळचे. उंच, काळेसावळे, दाढीवाले. मराठी दवाखान्यातल्या पेशंटांकडून शिकलेलं, त्यात हिंदी मिसळलेलं. रागावले नाहीत. मला फक्त एवढंच विचारलं, "तोंडातून काढलं?" मी मान हलवली. त्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली, माझ्या रुमालातून तो ओलसर तुकडा उचलला आणि स्वतः खाल्ला. मग तांब्याभर पाणी मागितलं, रुमाल त्यात बुडवून धुतला आणि ते पाणी अंगणातल्या मोगऱ्याच्या बुडाशी हळूहळू ओतलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या तोंडून निघालं, "बापा… पोरीचं उष्टं खाल्लं त्यायनं." ती हे का म्हणाली ते आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं. माझा आजा गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. त्याच्या हातचं पाणी गावात कोणी पीत नव्हतं. ईसाई झालो तरी शाळेतले एक-दोन मास्तर बाबांच्या डब्यापासून अजून लांब बसायचे. उष्टं म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि हा परका माणूस माझ्या तोंडातलं खाऊन गेला, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. तो काय मानतो ते मला मावशीच्या पंचवीस भांडणांतून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या क्षणी कळलं. मला ते आजही पटत नाही, मी आत्याच्याच बाजूची आहे. पण कळलं.

फादर स्टुलावर बसले आणि मला विचारलं, "काय को किया बेटा?" मग मात्र मला राहवलं नाही. मी भोकाड पसरलं आणि सगळं ओकले, की आत्या मरणार आहे, पाळकसाहेब येत नाहीत, बसा बंद आहेत आणि तिला एकच पाहिजे. मरणार आहे हा शब्द आत्यासमोर आजवर कोणी काढला नव्हता. आत्या म्हणाली, "बरोबर बोलली. रडू नको."

फादर आत्याकडे वळले. मग म्हणाले, "बाई, आमच्या नियमात एक वाट आहे. मरणाची वेळ आहे, आपला पाळक मिळत नाही, आणि तुम्ही स्वतः मागितलं, तर मी देऊ शकतो. पण एक गोष्ट विचारावी लागते."

"विचारा."

"हे प्रभूचं शरीर आहे, खरोखर, असं तुम्ही मानता का? आम्ही मानतो तसं?"

मावशी आत्याच्या पायाशी बसली होती. तिनं आत्याचा सुजलेला पाय धरला. "हो म्हणा ना एस्तेरबाई," ती म्हणाली. "एक शब्द फक्त. हो म्हणा."

आत्याला ते किती पाहिजे होतं ते मी सांगू शकत नाही. तिचे ओठ हलले, कोरडे होते, तिनं जिभेनं ओले केले. "फादरजी," ती म्हणाली, "तो या खोलीत हाय असं मी मानते. आत्ता हाय. पण त्या भाकरीत तुम्ही म्हणता तसा हाय, असं मले नाही वाटत. तीस वर्षं मी बायांले दुसरं शिकवलं. आता स्वतःले पाहिजे म्हणून हो कशी म्हणू?"

"मग मी देऊ शकत नाही."

"मले माहीत हाय. तुम्ही दिलं असतं तर मीच घेतलं नसतं."

फादरनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते मी पाहिलं. मग ते उठले आणि बाबांना म्हणाले, "तुमचे पाळक पांढुर्ण्याला कुठं राहतात?"

"आज गोटमार हाय फादर. पुलावर पोलीस असतीन. अन् ते आजारी…"

"मोटरसायकल आहे. घर सांगा."

बाबा सोबत जायला निघाले, पण मग येताना पाळकसाहेब बसणार कुठं? शेवटी बाबांनी वहीच्या पानावर नकाशा काढून दिला. फादर चहाही न घेता गेले.

दुपार संपता संपत नव्हती. आईनं पोळी लाटायला कणीक मळून ठेवली, मनुका भिजत घातल्या. मावशी आत्याजवळून हलली नाही. बराच वेळ झाल्यावर आत्या म्हणाली, "काऊन चूप वं? भांड ना."

मावशी रागानंच बोलली. "हो म्हटलं असतं तर काय गेलं असतं तुमचं?"

"माझं काही नाही. तुमचं गेलं असतं. तुमच्या मेजावर मी खोटं घेऊन बसली असती. तू बसू दिलं असतं का मले?"

मावशीनं आत्याच्या तोंडावरचा घाम पुसला आणि पंखा घालत राहिली.

पाच वाजून गेल्यावर मोटरसायकल वाजली. फादरचा पांढरा झगा चिखलानं भरला होता. मागं कानटोपी, स्वेटर आणि शाल घातलेले पाळकसाहेब, फादरच्या कमरेला घट्ट धरून. उतरताना त्यांचे पाय लटपटले, बाबांनी धरलं. खोलीत येऊन बसल्यावर ते म्हणाले, "बायको म्हणे जाऊ नका, मी पण म्हटलं जमणार नाही. पण हा माणूस दारातून हटेचना! म्हणे, मी देऊ शकत नाही, तुम्ही देऊ शकता, चला." इतकं बोलूनच त्यांना धाप लागली.

फादर बाहेर ओसरीवर थांबत होते. आत्यानं आतून हाक मारली. "बाहेर कायले? आत या. जेवू नका, पण बसा." ते आले आणि उंबऱ्याशी चटईवर बसले, शेजारी मावशी. पाळकसाहेबांनी पोळी मोडली. आत्याला दिली, बाबांना, आईला. प्याला फिरला. फादर आणि मावशी यांच्यासमोरून ताट न थांबता पुढं गेलं आणि दोघांनी हात जोडलेलेच ठेवले. मी त्यांच्याजवळ बसले होते, कारण माझंही ताट नव्हतंच. आत्यानं तो घास इतक्या सावकाश चावला, की सगळे तिच्याकडेच बघत बसले.

मग प्रभूची प्रार्थना. ती सगळ्यांना पाठ. फादर त्यांच्या भाषेत, आम्ही मराठीत, पण लय एक. वाइटापासून सोडव, इथपर्यंत सगळे एकत्र आले आणि फादर आणि मावशी थांबले. त्यांच्यात ती तिथंच संपते. आमच्यात अजून एक ओळ आहे, राज्य, सामर्थ्य आणि गौरव त्याचंच, अशी. ते थांबलेले पाहून पाळकसाहेबही अडखळले. मग आत्यानं एकटीनं, तुटक्या श्वासात, ती ओळ सुरू केली. आम्ही तिच्या मागं म्हणू लागलो. ते दोघं डोळे मिटून आमची ओळ संपायची वाट बघत राहिले आणि आमेन सगळ्यांनी मिळून म्हटलं.

पाळकसाहेबांना फादरनी अंधार पडायच्या आत परत पोचवलं. आत्या त्या रात्री छान झोपली. बुधवारी सकाळी, भोंग्याच्या जरा आधी, ती गेली.

मातीनंतर चार दिवसांनी मावशी घरी आली. भिंतीवरून नाही, पुढच्या दारानं, कोणी परकं येतं तशी. बसली नाही. आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. गेलेला माणूस देवाच्या हातात पडला, आपण त्यात काय घालणार, असं आम्ही मानतो. त्यांच्यात करतात. मावशी बाबांना म्हणाली, "भाऊ, एक विचारायचं होतं. मी रोज सकाळी एस्तेरबाईसाठी माळेची प्रार्थना म्हणून राहिली. तिले हे कबूल नव्हतं, मले माहीत हाय. तिनं ऐकलं असतं तर सूप आपटलं असतं. पण मले राहवत नाही. तुम्ही नको म्हटलं तर मी मनातल्या मनात म्हणीन, तुमच्या घरापर्यंत आवाज येऊ देणार नाही."

बाबांनी दाराच्या चौकटीला हात टेकवला.

"मनात नका म्हणू, फिलोमिनाबाई," ते म्हणाले. "आम्हाले पटत नाही ते नाही पटत. पण मोठ्यानं म्हणा. सकाळी इकडं लय चूप चूप वाटते."